'येतो' : निरोपाच्या एका क्रियापदाचा अर्थ व प्रयोग

मराठी माणूस दुसऱ्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणतो. पाय दाराकडे वळलेले असतात, चपला घालून झालेल्या असतात, आणि तोंडातून मात्र येण्याचे क्रियापद बाहेर पडते. यजमानही 'जा' असे न म्हणता 'या' असे म्हणतो. पेण किंवा रोहा येथील एखाद्या घराच्या ओटीवर हा संवाद एखाद्या परभाषकाने ऐकला, तर पाहुणा येत आहे की जात आहे असा संभ्रम त्यास पडावा. आपणांस तो पडत नाही. इतकेच नव्हे, तर यात काही विचार करण्यासारखे आहे असेही सहसा वाटत नाही. विद्यार्थ्याने विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते: 'जातो' म्हणणे अशुभ, म्हणून त्याच्या जागी 'येतो' म्हणावयाचे.

हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि ते या प्रयोगास चुकीच्या वर्गात नेऊन बसविते, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे. 'येतो' हा शब्द 'जातो' या शब्दाचा मुखवटा नाही. त्याचा अर्थ 'येतो' असाच आहे. म्हणजे पुन्हा भेटण्याविषयी मराठीत जे क्रियापद खऱ्या अर्थाने वापरले जाते ते 'भेटणे' हे नसून 'येणे' हे होय. याच्या पुष्टीसाठी प्रथम भाषेतील प्रयोगांची तपासणी करू, आणि नंतर पेणचा गणपति व रोह्याची पालखी या दोन परिचित प्रसंगांकडे वळू. निरोपाच्या या शब्दाची जी दोन रूपे आहेत, ती या दोन शेजारच्या गावांत जणू वाटून घेतलेली दिसतात.

१

प्रथम रूढ उपपत्तीचा पक्ष न्यायाने मांडला पाहिजे. 'ते गेले' या वाक्याचा एक अर्थ 'ते मरण पावले' असा आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभे राहून नुसते 'जातो' म्हणणे कानास खटकावे, हे स्वाभाविक आहे. आपल्या अलंकारशास्त्राने अश्लील या दोषाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार मानले आहेत. त्यांपैकी तिसऱ्याचे भय व्यवहारातील भाषेसही असते. या भयापोटी मराठीने काही क्रियापदे उलट अर्थाने योजिली. नारळ फोडला तरी तो 'वाढविला'. बांगडी फुटली तरी ती 'वाढली'. मंगळसूत्र तुटले तरी तेही 'वाढले'. या रांगेत 'येतो' बसवावयाचा, अशी ही उपपत्ति आहे. शास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे विपरीत लक्षणेने 'येणे' या शब्दाचा अर्थ 'जाणे' असा होतो.

लक्षणा मानावयाची तर मम्मटाने सांगितलेल्या तीन अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत. मुख्य अर्थास बाध आला पाहिजे; लक्ष्य अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे; आणि त्यामागे रूढि किंवा प्रयोजन असले पाहिजे. दुसरी आणि तिसरी अट येथे पुरी होते असे घटकाभर मानू. प्रश्न पहिलीचा आहे. 'येतो' या शब्दाच्या मुख्य अर्थास येथे खरोखर बाध येतो काय?

बोलणारा दूर चालला आहे, म्हणून बाध येतो, असे म्हटले जाईल. पण मराठीत वर्तमानकाळाचे रूप नजीकच्या भविष्यासाठी सर्रास वापरले जाते. 'उद्या येतो', 'जेवून येतो', 'पाच मिनिटांत येतो' ही वाक्ये बोलणारा त्या क्षणी येत नसतो. तरीही त्यांत कोणास विसंगति दिसत नाही. निरोपाचा 'येतो' याच जातीचा आहे. 'पुन्हा येतो' एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे, आणि तो अर्थ शक्य आहे. मुख्य अर्थ शक्य असता बाध नाही, व बाध नसता लक्षणा नाही.

मग जाण्याचा बोध होतो तो कसा? मीमांसकांनी त्यासाठी अर्थापत्ति हे प्रमाण सांगून ठेवले आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही असे कळले, तर तो रात्री जेवत असला पाहिजे ही कल्पना करावी लागते. त्याप्रमाणे, येथे असलेला माणूस 'येतो' म्हणाला, तर मध्ये त्याचे जाणे घडले पाहिजे. त्यावाचून येणे संभवत नाही. जाणे हे वाक्याच्या पोटात अध्याहृत आहे; वाक्याच्या शब्दात ते नाही.

२

ही केवळ परिभाषेची कसरत आहे असे वाटू नये, म्हणून प्रत्यक्ष प्रयोगांच्या काही कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी भूतकाळाची. 'बांगडी वाढली' म्हणजे फुटली, हा अर्थ भूतकाळातही कायम राहतो. पण 'पाहुणे आले' या वाक्याचा अर्थ 'पाहुणे गेले' असा कधीही होत नाही. 'पाहुणे येतो म्हणाले' असे सांगता येते, कारण तेथे आपण त्यांच्या उक्तीचे निवेदन करतो. ती उक्ति काढून घेतली की 'येणे' आपल्या मूळ अर्थावर परत जाते. ज्या शब्दाने खरोखर दुसरा अर्थ घेतला आहे, तो काळ बदलल्याने ते सोडीत नाही.

दुसरी कसोटी नकाराची. 'नारळ अजून वाढविला नाही' म्हणजे फोडला नाही. परंतु 'मी येत नाही' या वाक्यातून 'मी इतक्यात जात नाही' हा अर्थ कोणत्याही मराठी कानास लागत नाही. उंबरठ्यावर उभे राहून कोणी 'मी येत नाही' म्हणालाच, तर तो भांडून निघाला आहे एवढेच आपण समजू.

तिसरी कसोटी पर्यायी शब्दाची. 'जातो' हा शब्द टाळणे एवढाच हेतु असता, तर 'निघतो' या शब्दाने तो केव्हाच साधला असता. निघणे म्हणजे प्रस्थानच. त्यात कोणास अमंगल वाटत नाही. तरीही 'निघतो' या शब्दाने 'येतो' या शब्दाची जागा घेतलेली नाही. पुष्कळदा दोन्ही शब्द एकामागून एक येतात, आणि त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. बैठकीतून उठताना माणूस 'चला, निघतो आता' म्हणतो. दारापाशी पोचल्यावर 'येतो हं' म्हणतो. पहिल्याने तो प्रस्थान सांगतो. दुसऱ्याने काही निराळे सांगतो. एरवी त्याने तेच दोनदा सांगितले असे म्हणावे लागेल. शिवाय 'जाणे' या क्रियापदाचे भय वाटते ते फार थोड्या जागी. 'उद्या रोह्याला जातो' यात कोणी काही वावगे मानीत नाही, आणि यजमान स्वतःच 'जपून जा' असे सांगतो. खटकते ते केवळ ठिकाण न सांगता, एकटे उच्चारलेले 'जातो'. ज्या जाण्यास ना ठिकाण, ना परतणे, तेच मृत्यूसारखे वाटते.

चौथी कसोटी माझ्या मते निर्णायक आहे. दुखवट्याच्या घरी भेटावयास गेलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. तो काही न बोलता उठतो, फार तर हात जोडतो. घरचेही त्यास 'या' म्हणत नाहीत. रूढ उपपत्ति खरी असती तर याच्या नेमके उलट घडावयास हवे होते. जेथे मरण नुकतेच येऊन गेले, तेथे 'जातो' हा शब्द सर्वांत अधिक अमंगल. म्हणून तेथे 'येतो' या मुखवट्याची गरजही सर्वांत अधिक. पण तेथेच तो शब्द वर्ज्य ठरतो. याचे कारण उघड आहे. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही 'येतो' या शब्दाचा अर्थ अक्षरशः घेतात. आणि अशा प्रसंगी पुन्हा येणे होऊ नये अशीच दोघांची इच्छा असते. ज्या शब्दाचा मूळ अर्थ झिजून नाहीसा झाला आहे, त्याची अशी भीति कोणी बाळगीत नाही.

पाचवी कसोटी तक्रारीची. 'येतो म्हणून गेला, तो पुन्हा फिरकला नाही' हा आरोप मराठीत नित्य ऐकू येतो आणि तो अन्यायाचा वाटत नाही. म्हणजे निरोपाच्या त्या शब्दाचे उत्तरदायित्व बोलणाऱ्यावर राहते. जॉन ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाची या विषयावरील व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून उच्चार हीच एक कृति असते, हा विचार अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. वचन देणे ही अशी कृति होय. 'येतो' हे वचन आहे. ते पाळले जाईल किंवा मोडले जाईल. 'वाढलेल्या' बांगडीच्या बाबतीत असा प्रश्नच उद्भवत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. कित्येकदा 'येतो' हे केवळ शिष्टाचारापोटी म्हटले जाते. परत येण्याचा विचार बोलणाऱ्याच्या मनातही नसतो. हे मान्य आहे. पण पोकळ वचन हेही वचनच असते. 'येईन कधीतरी' या शब्दांशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होईल. 'येईन' या भविष्यकाळी रूपात इच्छा किंवा संभव आहे, निश्चय नाही. निघताना 'येतो' न म्हणता 'येईन' म्हणणाऱ्या माणसाचे मन दुखावले आहे, हे यजमान लगेच ओळखतो. रूप केवळ शिष्टाचाराचे असते, तर या एका अक्षराच्या फरकाने कोणाचे काही बिघडले नसते.

३

आता येणे कोठे, हा प्रश्न. 'येणे' या क्रियेस एक केंद्र लागते. साधारणतः ते बोलणाऱ्याचे ठिकाण असते. पण मराठीत ऐकणाऱ्याचे ठिकाणही केंद्र होऊ शकते. 'मी उद्या तुमच्याकडे येतो' या वाक्यात केंद्र 'तुमच्याकडे' आहे. निरोपाच्या 'येतो' या शब्दातही तसेच आहे. निघणारा माणूस यजमानाचे घर हे केंद्र मानतो आणि स्वतःच्या हालचालीचे मोजमाप तेथून करतो.

हा शब्द मुळात कोणाचा, याचा शोध घेतला तर तो घरच्या माणसाचा आहे असे दिसते. सकाळी कामावर निघालेला गृहस्थ घरातील माणसांना 'येतो' किंवा 'जाऊन येतो' असे सांगतो. त्याचे घर तेच आहे. संध्याकाळी तो परतावयाचाच आहे. 'जाऊन येतो' हे पूर्ण रूप, 'येतो' हे त्याचे संक्षिप्त रूप. पाहुणा जेव्हा दुसऱ्याच्या दारात 'येतो' म्हणतो, तेव्हा तो घरच्या माणसाचे वाक्य उसने घेतो. 'हे घर माझेही आहे. मी येथून जात आहे तो परतण्यासाठी' असे त्यातून सूचित होते. यजमानाचा 'या' हा त्या उसनवारीस दिलेला होकार होय.

'भेटणे' या क्रियापदाकडे पाहिले म्हणजे हा विशेष अधिक स्पष्ट होतो. 'मी त्याला भेटलो' आणि 'मला तो भेटला' अशा दोन रचना त्याच्या ठिकाणी संभवतात. पहिल्या रचनेत हेतु आहे, दुसऱ्या रचनेत योगायोग. उत्तर कोकणात आणि मुंबईच्या बोलण्यात वस्तूही 'भेटते'; 'पुस्तक भेटले', 'तिकीट भेटले' असे म्हणतात, आणि शाळेतील शिक्षक तेथे 'मिळाले' अशी दुरुस्ती करतात. पण हा प्रयोगही क्रियापदाच्या स्वभावाशी विसंगत नाही. 'भेट' या नामात समागम आणि नजराणा हे दोन्ही अर्थ आहेतच. जे पुढ्यात येते, हाती लागते, त्याचे हे क्रियापद आहे. म्हणून 'पुन्हा भेटू' या वाक्यात आश्वासन पातळ होते. कर्ता 'आपण' असा दोघांचा. ठिकाण कोणतेच नाही. कोणी कोणाकडे यावयाचे हे ठरलेले नाही. दोघांनी मिळून दिलेले वचन मोडले तर दोष कोणाचा, हेही सांगता येत नाही. 'येतो' म्हणणारा मात्र एकटा बांधला जातो, आणि त्याचे ठिकाणही नक्की असते.

ठिकाणाशिवाय 'येतो' उभा राहत नाही, याचा पुरावा दूरध्वनीने दिला आहे. दूरध्वनीवरचे बोलणे संपविताना आपण 'येतो' म्हणत नाही, 'ठेवतो' म्हणतो. तेथे समोर उंबरठा नसतो. जुन्या पत्रांतही अखेरीस 'भेटीअंती सविस्तर बोलू' असे लिहीत, आणि तेथे 'भेट' हा शब्द योग्यच होता. कारण पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांची ठिकाणे वेगवेगळी असून परतण्याचा प्रश्न नव्हता.

४

इतर भाषांकडे थोडे पाहिले तर ही रचना एकट्या मराठीची नाही असे आढळते. बंगाली माणूस निघताना 'आशि' म्हणजे 'येतो' म्हणतो. कोकणीत 'येतां' आहे. गुजरातीत 'आवजो' म्हणजे 'या' आहे. तमिळमधील 'पोयिट्टु वरेन' आणि कन्नडमधील 'होगि बर्तेने' ही दोन्ही आपल्या 'जाऊन येतो' या पूर्ण रूपाशी जुळतात. त्यांत जाणे उघडपणे उच्चारले जाते आणि तरीही अमंगल मानले जात नाही, ही गोष्ट रूढ उपपत्तीच्या विरुद्ध जाणारी आहे. उलट हिंदीतील 'फिर मिलेंगे', फ्रेंचमधील 'ओ रव्वार' आणि जर्मनमधील 'आउफ वीडरझेन' यांत मिळणे किंवा पुन्हा पाहणे आहे. ती 'पुन्हा भेटू' या वर्गातील होत. निरोपाच्या वेळी उद्याचा समागम सांगणाऱ्या भाषा आणि उद्याचे परतणे सांगणाऱ्या भाषा असे दोन वर्ग येथे कल्पिता येतील. मराठीत दोन्ही आहेत. परंतु उंबरठ्यावर मान आहे तो दुसऱ्या वर्गास.

संस्कृताची परंपरा याहून निराळी आहे. तेथे निरोप घेणे हे विचारणे आहे. 'आ' या उपसर्गासह 'प्रच्छ्' या धातूने ते सांगितले जाते. मेघदूतातील मेघास रामगिरीचा निरोप घ्यावयास सांगितले आहे ते याच धातूने. या काव्याचा मराठी अनुवाद करणाऱ्यांत रोह्याशी निकटचा संबंध असलेले चिंतामणराव देशमुख हेही होते. आपल्या 'येऊ का?' या प्रश्नरूपात विचारणे आणि येणे या दोहोंचा संगम झालेला आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला कण्वास विचारते की हे तपोवन मला पुन्हा केव्हा दिसेल. आणि कण्व तिला परतण्याची जी वेळ सांगतो ती पुत्रास राज्यावर बसविल्यानंतरची, पतीसह वानप्रस्थात येण्याची. एका अर्थी सारा प्रसंग परतण्याच्या मुदतीविषयीचा आहे. मराठी मुलगी तोच प्रश्न आणि तेच उत्तर 'येते' या एका शब्दात उरकून टाकते.

५

आता पेणकडे वळू. भोगावती नदीच्या काठचे हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सर्वत्र ओळखले जाते. पेण शहरात, तसेच हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गावांत वर्षभर मूर्ती घडतात. त्या महाराष्ट्रभर जातात आणि परदेशी राहणाऱ्या मराठी घरांतही पोचतात. चतुर्थीस घरी आलेला गणपति दीड दिवसाने, पाच दिवसांनी, गौरीबरोबर किंवा अनंत चतुर्दशीस निरोप घेतो, आणि तेव्हा सर्वांच्या मुखी 'पुढच्या वर्षी लवकर या' ही घोषणा असते.

या घोषणेचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. माणसांच्या निरोपात पाहुणा 'येतो' म्हणतो आणि यजमान 'या' म्हणतो. येथे पाहुणा मूक आहे. म्हणून संवादाचा अर्धाच भाग, म्हणजे यजमानाचा 'या', तेवढा ऐकू येतो. देवाने म्हणावयाचा 'येतो' आपण मनाशी गृहीत धरतो. अनेक घरांत विसर्जनापूर्वी देवाच्या हातावर दही ठेवतात. घरचे माणूस प्रवासास निघाले की त्याच्या हातावर घालावयाचे दही ते हेच. मूर्ती नेलेला पाट रिकामा परत आणीत नाहीत. पाण्याकाठची थोडी वाळू किंवा माती त्यावर ठेवून आणतात. पाहुण्यास घरच्या माणसाप्रमाणे निरोप द्यावयाचा, असे या सर्व आचारांचे सूत्र आहे. आणि मागे पाहिल्याप्रमाणे निरोपाच्या 'येतो' या शब्दाचे सूत्रही तेच आहे.

विसर्जनाच्या वेळी पुरोहित जो संस्कृत मंत्र म्हणतो त्यात देवांनी पूजा स्वीकारून जावे, असे जाण्याचे क्रियापद स्पष्टपणे येते, आणि 'पुनरागमन' हा शब्द तादर्थ्याच्या चतुर्थी विभक्तीत ठेवलेला असतो. म्हणजे जावे, ते पुन्हा येण्यासाठी. पुरोहिताच्या मुखातील 'जाणे' कोणास अशुभ वाटत नाही, कारण त्यास परतण्याचे प्रयोजन जोडलेले आहे. लोकांची घोषणा याच मंत्राचा उत्तरार्ध तेवढा उचलते. गृहस्थाच्या 'जाऊन येतो' या वाक्यातून 'येतो' उरावा, तसेच हे घडले आहे.

घोषणेतील 'लवकर' हा शब्द पंचांगाच्या दृष्टीने निरर्थक वाटेल, कारण भाद्रपद शुद्ध चतुर्थी कोणाच्या विनवणीने पुढेमागे होत नाही. पण चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने, अधिक मास मध्ये आला नाही तर चतुर्थी इंग्रजी तारखेने अकरा-बारा दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मात्र २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती १४ सप्टेंबरला येते. म्हणजे २०२५ मध्ये 'लवकर या' म्हणून घातलेल्या सादेस पंचांगाचे उत्तर अठरा दिवसांच्या विलंबाचे होते. पेणच्या मूर्तिकारास हे गणित चुकवून चालत नाही. चतुर्थी अलीकडे आली की तेवढे दिवस कामातून कमी होतात. घोषणा देणारा हे गणित करीत नाही. त्याचा 'लवकर' हा शब्द तारखेचे विशेषण नसून वाट पाहण्याचे माप आहे.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. पुढच्या वर्षी येते ती मूर्ती दुसरी असते. मागील वर्षाची मूर्ती पाण्यात विरून गेलेली असते. मग 'पुन्हा' येतो तो कोण? कारखान्यात साचा राहतो आणि मूर्ती जातात. तथापि साचा म्हणजे देव, असे कोणी म्हणणार नाही. आवाहनाने देव मूर्तीत येतो आणि विसर्जनाने तिच्यातून जातो, ही धारणा आहे म्हणूनच 'या' या क्रियापदाचा कर्ता माती नव्हे, हे सर्वांस निःशंकपणे कळते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि भरतीबरोबर त्यांचे अवशेष किनाऱ्यास लागतात. ते दृश्य पाहणाऱ्याच्या मनास जो क्लेश होतो त्याचे एक कारण पर्यावरणाचे आहे, आणि दुसरे या क्रियापदाचेही आहे. 'या' म्हटले होते ते यासाठी नव्हते.

६

कुंडलिकेच्या काठच्या रोह्यात या शब्दाचे दुसरे रूप पाहावयास मिळते. धावीर महाराज हे रोह्याचे ग्रामदैवत. दसऱ्यानंतर त्यांची पालखी मंदिरातून निघते. निघताना पोलिसांकडून तिला सशस्त्र मानवंदना दिली जाते; नंतर ती नगरात फिरते आणि मंदिरात परत येते. दारी आलेल्या पालखीला कोणी 'पुढच्या वर्षी या' म्हणून आळवणी करीत नाही, आणि त्याची गरजही नाही. हा देव गावचा आहे. त्याचे जाणे हे घरच्या माणसाचे जाणे आहे. त्याचा 'येतो' हा 'जाऊन येतो' या पूर्ण रूपातील आहे. मंदिर हे केंद्र. पालखी त्या केंद्रातून निघून त्याच केंद्राशी येते.

पेणचा गणपति पाहुणा आहे आणि त्याला घरच्यासारखा निरोप दिला जातो. रोह्याचा देव घरचा आहे आणि तो एकदा पाहुण्याप्रमाणे दारोदारच्या भक्तांस भेट देतो. 'येतो' या एका शब्दात पाहुणा आणि घरधनी यांच्यातील जे अंतर मिटविले जाते, ते या दोन उत्सवांत दोन्ही बाजूंनी मिटलेले दिसते. रूढ उपपत्तीने यांपैकी कशाचाही उलगडा होत नाही. अमंगल टाळणे एवढेच येथे चालले आहे असे म्हटले, तर दही, पाटावरची वाळू आणि मंत्रातील चतुर्थी विभक्ति या सर्वांस केवळ सजावट मानावे लागेल.

७

या चर्चेस एक मानवी बाजू आहे, आणि माझ्या मते विषयाचे गांभीर्य तेथेच आहे. सासरी निघालेली मुलगी माहेरच्या दारात 'येते' म्हणते. सासरहून माहेरी जाताना ती सासूला 'जाऊन येते' असे सांगते. दोन घरांपैकी आपले कोणते, हे तिला या दोन रूपांतून रोज ठरवावे लागते. आणि व्याकरणाने तिला दोन्ही घरांचा हक्क दिला आहे असे म्हणावयास हरकत नाही. माहेरच्या माणसांनी तिच्या 'येते' या शब्दास 'ये हं' असे उत्तर न दिले, तर तो हक्क नाकारल्याचे दुःख तिला होते. कोणी अमंगल शब्द उच्चारला म्हणून ते दुःख नसते.

मुंबईस नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्याचेही तसेच. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो. या मार्गाने आणि मुंबई-गोवा महामार्गाने गणपतीच्या दिवसांत जी माणसे दक्षिणेकडे लोटतात, ती मागील वर्षी घरी म्हटलेला 'येतो' पाळावयास निघालेली असतात. देवाचे येणे आणि माणसाचे येणे यांची मुदत एकाच तिथीस भरते. कोकणातील कित्येक घरे वर्षभर बंद राहून त्या चार-पाच दिवसांपुरती उघडतात. एखाद्या वर्षी ते कुलूप निघत नाही. तेव्हा शेजारी 'येतो म्हणाले होते' असे म्हणतात, आणि त्या वाक्यात 'येतो' या शब्दाचा अर्थ 'जातो' असा लावून पाहावा. वाक्य तेथेच निर्जीव होते.

म्हणून कोशकारांना एक सूचना करावीशी वाटते. 'येणे' या शब्दाखाली निरोपाचा प्रयोग नोंदविताना 'जाणे (शुभार्थी)' असा अर्थ देण्याचा मोह होईल, तो टाळावा. नोंद अशी असावी: प्रथमपुरुषी वर्तमानकाळी 'येतो', 'येते' ही रूपे निघताना योजिली असता, ऐकणाऱ्याच्या ठिकाणी परत येण्याचे वचन, जाणे अर्थापत्तीने बोधित, दुखवट्याच्या प्रसंगी वर्ज्य. याच नोंदीत यजमानाचा 'या' आणि प्रश्नरूप 'येऊ का?' यांचाही समावेश करावा, कारण तिन्ही मिळून एकच संवाद होतो. अलीकडे शहरांतील तरुण मंडळी निघताना 'बाय' म्हणतात, 'भेटू' म्हणतात. त्यात दोषास्पद असे काही नाही. केवळ त्या शब्दांनी कोणी कोणाच्या घराशी बांधला जात नाही, एवढा भेद अभ्यासकाने नोंदवून ठेवावा. पेण-रोह्याच्या ओटीवर हा भेद आजही कानांनी पडताळून पाहता येतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी निघताना कोण काय म्हणते, यजमान काय उत्तर देतो, आणि कोणत्या दारात हा शब्द उच्चारला जात नाही, याची टिपणे केल्यास प्रस्तुत मताची परीक्षा होईल. ते खोटे ठरले तरी सामग्री उपयोगी पडेल.